बेटावर माती न्यावी लागते

माझं माहेर देहूच्या अलीकडं, नदीकाठचं, काळ्या मातीचं, कुठं बी कुदळ मारा, दगड म्हणून लागायचा न्हाई, तिथली मी आन् मला दिली बेटावर. पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं लगीन झालं. मामानं स्थळ आणलेलं. मामा म्हणला, पाच घरं हायेत, सगळी भावकी, चारी बाजूनं पाणी, चोराचिलटाची भीती न्हाई. बरोबरच हाय, चोर कशाला येतोय, चोरायला व्हतं काय तिथं?

निघोजे गावाच्या खालच्या अंगाला इंद्रायणी दोन फाट्यांत फुटती आन् पुढं परत एक व्हती, त्याच्या मधे आमचं बेट. बेट म्हणजे काय सांगू तुम्हाला, नुसता काळा खडक. त्याच्यावर घरं, गोठे, आन् घरामागं हे एवढं मोठं उघडं कातळ. उन्हाळ्यात घोट्याएवढ्या पाण्यातनं चालत जायचं, पावसाळ्यात वाळक्या भोपळ्यांच्या सांगडीवर तरंगत, आन् पाणी चढलं की मंग कुठंच जायचं न्हाई. एकदा शाळेचे मास्तर आले व्हते, ते म्हणले, हा खडक म्हणजे जमिनीच्या पोटातला विस्तव हाय, वर आला, वाहिला आन् थंड झाला. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथंच बसलेल्या. त्या म्हणल्या, कशाचा थंड झालाय मास्तर, वैशाखात पाय ठेवून बघा.

तर पहिल्या सणाला माहेरी गेले आन् भावाबरोबर माघारी आले. करंज्या, लाडू, खण, सगळं आईनं दिलेलं. आत्याबाईंनी टोपलं उघडून बघितलं आन् इचारलं, माती कुठाय? मला काय कळंना. मंग चुलतसासूनं सांगितलं, बेटाची रीत हाय, सून माहेराहून आली की पाटीभर माती आणती. घरामागं दगडाची ताल, म्हणजे बांध, घालून वाफे केलेले असायचे, त्यात टाकायची, त्यावर मिरची, वांगं, मेथी. ज्या वाफ्यात जिची माती, तो वाफा तिचा, त्यातलं तिनं कुणाला बी न इचारता खुडायचं. शेत पुरुषांच्या नावावर, घर पुरुषांच्या नावावर, वाफा तेवढा बाईचा. भाऊ बिचारा तसाच माघारी गेला, पाटीभर माती डोक्यावर घेऊन दिवस मावळता आला, आन् घरी जाऊन आईला म्हणला, आपली पोरगी दिली ती वेड्यांत दिली.

मला बी तसंच वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला बेट आवडलं न्हाई. चुलत जावा बाजाराला चिंचवडला जायच्या आन् येऊन सांगायच्या, कंपन्या उठायल्यात, लोक खोल्या घेऊन राहायल्यात, खोलीत नळ हाय. मी मनात धरलं, कधी ना कधी आपण बी खोलीत जायचं.

आमचं खरं शेत पल्याडच्या काठाला, माळाच्या पायथ्याशी. ते बी आधी खडकच व्हतं. आत्याबाई लग्न होऊन आल्या तवापासून दर उन्हाळ्याला नदीतला गाळ डोक्यावर वाहून त्यांनी आन् त्यांच्या सासूनं ते शेत भरलं. त्या मातीची खूण सांगते, तिच्यात बारीक पांढरे शिंपले असायचे, तांदळाच्या कणीसारखे, खुरपताना बोटाला टोचायचे. नदीच्या गाळाचे ते. माळावरच्या मातीत नसतात.

बहात्तरचा दुष्काळ सरला आन् मंग ते शेत कंपनीत गेलं. सरकारनं घेतलं, पैसे मिळाले, आमच्या मालकांना कंपनीत नोकरी लागली. मी आतनं खूश. शेतच न्हाई तर बेटावर राहून करायचं काय? मालक म्हणले, आकुर्डीला खोली बघतो. मी भांडी बी मनात बांधून ठेवली.

तर आत्याबाई म्हणल्या, जमीन तुमी दिली, माती मी दिली न्हाई.

मालक म्हणले, आई, माती जमिनीतच धरतात. त्या म्हणल्या, धरत असतील, ती डोक्यावर कुणी वाहिली? तुज्या बापानं का सरकारनं? आन् उठल्या, सरळ कंपनीचं बांधकाम चाललेलं तिथं गेल्या. मी मागं मागं, सासू एकटी गेली तर लोक काय म्हणतील म्हणून. तिथला मुकादम सोलापूरकडचा, भला माणूस. त्याला म्हणल्या, बाबा, ह्या मातीचं तू काय करणार? तो म्हणला, आजी, आम्हाला खाली घट्ट मुरूम पायजे, माती काढून कडेला ढीग लावतो. आत्याबाई म्हणल्या, मंग मी नेऊ का? तो हसला, म्हणला, न्या की, कुंपणाची भिंत उभी राहीपर्यंत न्या, आमचं काम हलकं होईल.

तो उन्हाळा मी जन्मात इसरणार न्हाई. बैलगाडीनं काठापर्यंत, तिथनं डोक्यावर पाण्यातनं बेटावर, घरामागच्या कातळावर. आधी दगडाची ताल घातली, मंग माती. मी, आत्याबाई, आन् धाकटा दीर बबन शाळेला सुट्टी म्हणून. मालक शिफ्ट करून आले की चार पाट्या टाकायचे, ते बी तोंड वाकडं करून. काठावरचे लोक म्हणायचे, शेत घेऊन कुठं निघालात, गावाला का? मला लाज वाटायची आन् राग बी यायचा. मान मोडून गेली व्हती. मालकांना म्हणले, एवढं संपू द्या, मंग एक दिवस थांबणार न्हाई. ते म्हणले, कबूल.

भिंत उभी राहिली तवा अर्धी बी माती आली नव्हती. मुकादम म्हणला, आजी, आता गेट झालं, माझ्या हातात न्हाई. आत्याबाई भिंतीपाशी जरा उभ्या राहिल्या. म्हणल्या, राहू दे, तिथं अडकली. आन् घरी आल्या.

त्या पावसाळ्यात नदी चढली. तालीचा एक कोपरा ढासळला आन् माती पाण्यात जायला लागली, तांबूस-काळा लोट. मी भाकरी थापत व्हते, तशीच पिठाच्या हातानं धावले. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दगड लावत व्हते आन् आत्याबाईंवर ओरडत व्हते, तुमी मागं व्हा, तुमी मागं व्हा म्हणून. सासूवर पहिल्यांदा ओरडले. त्या मागं झाल्या आन् दगड हातात द्यायला लागल्या. कोपरा गेला, बाकी राहिलं.

पाणी ओसरल्यावर मालक म्हणले, खोली बघितली, चल. मी म्हणले, हरभरा टाकलाय, तेवढा निघू दे. हरभरा निघाला तर मेथी व्हती. मेथी झाली तर तालीचा कोपरा भरायचा व्हता. मालक म्हणायचे, तुलाच जायचं व्हतं ना? व्हय, मलाच. हळूहळू त्यांनी इचारायचं सोडलं, सायकल घेतली आन् इथनं जाऊन-येऊन करायला लागले. तलाठी एकदा बघून गेला. म्हणला, दप्तरी इथं खडक हाय, खडकच राहू द्या, खडक कुणी घ्यायला येत न्हाई, तुमच्या फायद्याचं हाय.

आता बबन बी त्याच कंपनीत लागलाय. त्याचं लगीन यंदा झालं, सुमन तिचं नाव, पिंपरीच्या चाळीतली, बाप बी कामगार. पहिल्या सणाला माहेरी जायला निघाली तवा मी तिला रीत सांगितली. पोरगी म्हणली, वैनी, आमच्या चाळीत फरशी आन् डांबर, माती कुठनं आणू? मी म्हणले, कुंडीतली आण, न्हाई तर नको आणू, मी काय हिशेब मागणार न्हाई.

परत आली तर बबनचा जेवणाचा डबा पुढं केला. तीन पुडांचा, तिन्ही मातीनं भरलेले. बबन मान खाली घालून उभा. कंपनीनं भिंतीच्या आत बाग केलीय, तिथली. गेटवर वॉचमननं डबा उघडायला लावला, तर हा म्हणला, तुळशीला पायजे. त्यानं सोडलं.

आत्याबाईंना आता दिसत न्हाई, डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, त्या उंबऱ्यात बसलेल्या. म्हणल्या, इकडं आणा. मूठभर माती घेतली, दोन बोटांत चोळली, परत चोळली. मंग एक कणी वेगळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. पांढरा शिंपला. म्हणल्या, ही तिथं अडकलेली.

मला रडू आलं, सांगायला लाज कशाची. बबन म्हणला, वैनी, बागेत लई हाय अजून. आत्याबाई म्हणल्या, डबा तर रोज रिकामाच येतोय ना.

सुमनचा वाफा माझ्याच वाफ्याला लागून केलाय. तिनं मिरची लावलीय. डब्याडब्यानं भरतोय, भरंल तेव्हा भरंल, आत्याबाईंनी तोवर राहावं एवढंच देवाला म्हणणं हाय. तुमी आलात, एवढं ऐकून घेतलंत, बरं वाटलं. चहा घ्या. आन् परत आलात तर मोकळ्या हातानं येऊ नका, तुमच्या दारातली ओंजळभर आणा, तुमचं बी नाव इथं राहील.