टबाची वायर

दोन हजार तेवीसचा डिसेंबर, ऐन थंडी. गंगापूर रोडला द्राक्षबागवाल्या अण्णांच्या गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवला होता. वायरिंग माझं. आठ दिवसांनी अण्णांनी बोलावलं.

"मिस्तरी, टबातल्या पाण्याच्या जेटला जोरच नाय. याच्यापेक्षा माझा फवारणीचा पंप बरा."

"पंप बदला. माझ्या वायरिंगला चाळीस वर्षांत कुणी नाव ठेवलेलं नाही."

माझ्या शब्दावर त्यांनी नवा पंप आणला. मी तो बसवला. जेट तसेच मंद. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हीटर बंद असला की जोरात येतात हो."

मी व्होल्टमीटर लावला. हीटर बंद असताना दोनशे पंचवीस, चालू केला की एकशे सत्तर. टब म्हणजे मोठा गिझर, असं धरून मी गिझरचीच बारीक वायर ओढली होती. हीटर आणि पंप दोन्हींचा भार तिच्यावर, म्हणून हीटर लागला की पंपाला वीज कमी पडायची.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

अण्णा हसले. "चाळीस वर्षांत पहिली?"

"सापडलेली पहिली."

दुसऱ्या दिवशी खालपासून गच्चीपर्यंत जाड वायर ओढली. जेट असे सुटले की अण्णांचा चष्मा पाण्यात पडला. नव्या पंपाचे पैसे मी त्यांच्या हातात दिले आणि जिना उतरलो.