देशाच्या वतीनं सतरा लाडू

(वालूरच्या शाळेचा व्हरांडा. धुरपताबाई, तिचे मानवतचे व्याही भगवानराव आडते, आणि मधे कागद घेऊन बसलेले रंगनाथ गुरुजी.)

भगवानराव: एक-दोन लाडू म्हणलं असतं तर गोष्ट येगळी होती, इहीनबाई. सतरा म्हणलात तुमी! भर मांडवात, नाव घेऊन!

धुरपताबाई: इवायाचं नाव घेतल्याबिगर इवायाचं गाणं कसं व्हईल? आन् सतराच होते. वाढणारी बायनाबाई मोजायली होती.

भगवानराव: मोजायली होती? पंगतीत माणसाचा घास मोजता?

धुरपताबाई: गाण्यासाठी मोजावं लागतं. खोटं गाणं मी म्हणत न्हाई.

भगवानराव: अहो, दोन साल दुष्काळ. सरकारी सुकडी खाऊन जीभ मेली होती. त्यात तुमी बुंदीच्या लाडवाचं ताट म्होरं ठिवलं. माणूसच हाय मी!

धुरपताबाई: मग म्या काय वंगाळ म्हणलं? "मानवतचा भगवानराव, इवाई माझा भोळा गं, सतरा लाडू गिळले आन् अठराव्यावर डोळा गं!" भोळाच म्हणलं की. आन् तेवढ्यापायी तुमी माझी सुमन दोन वर्सं माहेराला धाडली न्हाई. दोन पंचम्या गेल्या. परवा तिसरी हाय.

रंगनाथ: भगवानराव, जरा शांतपणे घ्या. विषय आता मांडवापुरता राहिलेला नाही. त्या लग्नात रेडिओच्या लोकांनी गाणी टेप केली, ती दिल्लीला गेली. दिल्लीनं देशभरातली गाणी ऐकली आणि परदेशातल्या स्पर्धेसाठी हे निवडलं. एकोणीस देश, प्रत्येक देशाचं एक गाणं. भारताच्या वतीनं हे.

भगवानराव: भारताच्या वतीनं माझे लाडू?

रंगनाथ: गाणं. लाडू ओघानं आले.

भगवानराव: एवढा मोठा मुलूक. गंगा हाय, हिमालय हाय. आन् जगाला दाखवायला माझं पोट घावलं?

रंगनाथ: सोबत इंग्रजीत अर्थही जोडलाय. "वराचे वडील, स्वभावाने निष्पाप, सतरा लाडू खातात व अठराव्याकडे पाहतात." खाली टीप आहे : लाडू म्हणजे गोल आकाराचा गोड पदार्थ.

भगवानराव: केवढा गोल, ते लिवलंय का?

रंगनाथ: नाही.

भगवानराव: झालं! ते गोरे लोक नारळाएवढा समजतील. सतरा नारळ! मी माणूस हाय का हत्ती? न्हाई गुरुजी, मला कबूल न्हाई.

रंगनाथ: तो तुमचा हक्कच आहे. गाण्यात जिवंत माणसाचं नाव असेल तर त्याची लेखी संमती लागते. नाही मिळाली तर नाव बदलून गाणं पुन्हा टेप करायचं. गुरुवारी त्यांची गाडी येतेय.

भगवानराव: मग बदला. बात खतम.

धुरपताबाई: बदललं की.

भगवानराव: कव्हा?

धुरपताबाई: काल. थोरलीचे सासरे, पेडगावचे सितारामजी. त्येंनी सोता येऊन कागदावर अंगठा दिला. म्हणले, जगात नाव व्हायलंय, मग लाडवाला काय भ्यायचं? ऐका : "पेडगावचा सिताराम, इवाई माझा भोळा गं..."

भगवानराव: सिताराम? अहो, त्याला साखरेचा आजार! लाडवाकडं नुसतं बघितलं तरी डाक्टर बोलवावा लागतो. त्यो सतरा खाईल?

धुरपताबाई: गाण्यात खाईल.

भगवानराव: आत्ता तर म्हणलात, खोटं गाणं म्हणत न्हाई!

धुरपताबाई: खाणारा दस्तखत देईना, मग मी काय करू?

भगवानराव: गुरुजी, ही सरासर बेइमानी हाय. एकोणीस मुलकांम्होरं आपला देश खोटं बोलणार? लाडू खाल्ले मी, पोट दुखलं माझं, तीन दिवस ओवा चावला मी, आन् नाव सितारामचं? उद्या बक्षीस मिळालं तर त्यो पेडगावात हार घालून फिरंल!

रंगनाथ: फिरेल. काल अंगठा द्यायलाही फेटा बांधून आला होता.

भगवानराव: आणा तो कागद हिकडं.

धुरपताबाई: गुरुजी, कागद पिशवीत ठिवा.

भगवानराव: आं? का म्हणून?

धुरपताबाई: सितारामजी थोरलीला दर पंचमीला धाडतेत. झाडाला झोका बांधायच्या आधी लेक दारात. त्येंचं नाव जगात गेलेलं मला आवडंल.

भगवानराव: इहीनबाई, खरं सांगू? गाण्याचा राग मी वालूरच्या वेशीपतूरबी नेला न्हाई. इवायाला गाण्यात शिव्या पडायच्याच.

धुरपताबाई: मग पोरीला कशापायी अडवलं?

भगवानराव: सुनबाई हासली. डोक्यावर अक्षदा तशाच, आन् सासऱ्यावर खदखदा हासली. माझ्या बाजारातले समदे आडते पंगतीला बसले होते. मला वाटलं, ही माहेराला गेली की मायलेकी मिळून परत माझ्यावरच हासतील.

रंगनाथ: ते हसू टेपवर आहे, भगवानराव. दिल्लीच्या पत्रात त्या वाक्याखाली रेघ मारलीय : "शेवटी एका मुलीचं हसणं ऐकू येतं, ते कापू नये." म्हणून तर त्यांना जुनंच गाणं हवं होतं. नाव बदलून गाणं पुन्हा म्हणता येईल. ते हसू कुठून आणायचं?

धुरपताबाई: इवाई, एक इचारू? घरात हासती का ती?

भगवानराव: कामाला लय चांगली हाय. भाकरी तर अशी पातळ...

धुरपताबाई: कामाचं न्हाई इचारलं.

भगवानराव: ...न्हाई. दोन वर्सांत ऐकलं न्हाई.

धुरपताबाई: अठरा वर्सं त्या हासण्यानं माझं घर भरलेलं होतं. रेडिओवाल्यांनी परवा मशीनवर ऐकवलं. माझं गाणं माझ्या कानातच गेलं न्हाई. तेवढंच ऐकलं आन् लय रडले.

भगवानराव: मला वाटलं, सासरी आल्यावर पोरी आपसूक गप व्हतात.

धुरपताबाई: आपसूक कोण गप व्हतंय?

भगवानराव: गुरुजी, दस्तखत कुठं करायचं?

रंगनाथ: इथे, खाली. पण धुरपताबाई, तुम्ही काय म्हणता?

धुरपताबाई: आधी लेक. मग दस्तखत.

भगवानराव: उद्या पहिल्या यष्टीनं मी सोता घिऊन येतो.

धुरपताबाई: आन् न्यायला कव्हा येता?

भगवानराव: हासायला लागली की सांगावा धाडा. घाई न्हाई.