साडेआठचा फोन

नाही हो, उशीर कुठे झाला तुम्हाला? बरोबर तीनला आलात. त्या घड्याळाकडे बघू नका, ते जरा पुढे आहे. जरा म्हणजे – असू द्या. बसा ना मॅडम. खुर्चीवरचे कपडे उचलते, गणवेश आहेत गिऱ्हाइकांचे. चेन बदलायची, कंबर सैल करायची, घरबसल्या तेवढंच करते मी. सुई तर नाही ना राहिली तिथे? बघून बसा. कोर्टाच्या माणसाला आमच्या घरात सुई टोचली तर वकीलबाई मलाच टोचतील. हसलात? बरं वाटलं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, त्या हसायच्या नाहीत, त्या फक्त लिहितील. आणि मला म्हणाल्या, विचारतील तेवढंच बोला. पाणी द्या, चहा विचारा आणि गप्प बसा. चहा घेणार? नाही? बरं. मग मी गप्प बसते.

घर बघता? बघा ना, सगळं उघडंच आहे. ही मुंगीची खोली. मुंगी म्हणजे तीच, तुमच्या कागदावर तिचं भलंमोठं नाव असेल, घरात कुणी त्या नावाने हाक मारत नाही. सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते – बटणं, रिकामी रिळं, माझी मेजर टेप – म्हणून मुंगी. हा तिचा पलंग. चादर नवीन आहे, हो. घड्या दिसतायत का? काल रात्री इस्त्री फिरवली मी, तरी राहिल्याच मेल्या. खरं सांगू, या पलंगावर झोपत नाही ती. माझ्याजवळ झोपते. पाय माझ्या पोटावर टाकून. हे लिहू नका – किंवा लिहा, त्यात काय वाईट आहे? सात वर्षांची पोर आत्याजवळ झोपते. आत्या आहे मी तिची सख्खी, तिच्या बापाची थोरली बहीण, परकी नाही.

भाऊ? येतो ना, रोज सातला येतो कामावरून. मुलीचा अभ्यास घेतो. म्हणजे – तुम्ही आता न्हाणीघरात डोकावलात, दाढीचा ब्रश बघितलात, वाळून खडंग झालाय तो, ते माझ्याही लक्षात आलं. वकीलबाईंना नाही आलं. शनिवारी येतो तो. दर शनिवारी नाही. मे महिन्यापासून त्याची बदली झालीय. तो वाईट नाही हो, मुलीवर जीव आहे त्याचा, पण त्याचा जीव असतो तिकडे आणि मुलगी इथे. वेणी कोण घालतं? मी. ताप आला की रात्रभर कोण बसतं? मी. शाळेत पालकसभेला त्या बुटक्या बाकावर गुडघे मोडून कोण बसतं? आणि मुलीच्या ताब्यासाठी भावाने केलेल्या अर्जात काय लिहिलंय माहितीये? मी वाचलाय तो अर्ज, दोनदा वाचला. अठरा पानं आहेत. त्यात मी एका ओळीत आहे – ‘घरात मुलीच्या संगोपनास वयस्क स्त्री नातेवाईक उपलब्ध आहे.’ उपलब्ध! नळाला पाणी उपलब्ध असतं तशी. मी वकीलबाईंना विचारलं, मुलगी आईकडे गेली तर मला भेटायला मिळेल का, कोर्ट वार ठरवून देईल का? त्या म्हणाल्या, ताई, तुम्ही यात पक्षकार नाही. चांगल्या आहेत त्या, कामाला वाघ आहेत, पण फाईल बंद करत करत म्हणाल्या.

वहिनीबद्दल वाईट बोलायचं नाही, असंही बजावलंय. नाही बोलणार. ती दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. एक खोली घेतली, दवाखान्यातल्या लॅबमध्ये लागली, तेव्हा पोरीला कुठे ठेवणार होती? म्हणाली, जम बसला की नेईन. आता बसलाय जम. कोर्टाने सांगितलंय, आईने रोज साडेआठला फोन करायचा, पंधरा मिनिटं. तिची शिफ्ट आठला सुटते म्हणून साडेआठ. आणि करते हं ती, एक दिवस चुकवत नाही. ही वही बघा. वकीलबाईंनीच ठेवायला सांगितली. रोजची तारीख आणि पुढे – झोपली होती. झोपली होती. झोपली होती. पाच महिने. कोर्टातही तेच सांगितलंय, आईचा फोन येतो पण मुलीला ओढ नाही. एक अक्षर खोटं नाही त्यात. झोपलेलीच असते ती. नऊला झोपायचं हा आमच्या घरचा नियम आहे, आणि मुंगी नियमाची पक्की, काटा नवावर आला की स्वतःच दिवा घालवते, पडल्या पडल्या झोपते—

काय झालं? वही का मिटलीत?

हो. फोन साडेआठला. झोप नऊला. हो, बरोबर आहे. म्हणजे – तुम्ही सारख्या मनगटाकडे आणि भिंतीकडे का बघताय? सांगितलं ना, पुढे आहे ते. चाळीस मिनिटं. शाळेची गडबड असते, घड्याळ पुढे असलं की बरं पडतं, सगळेच ठेवतात—

नाही. सगळेच नाही ठेवत.

मी आधी दहाच मिनिटं केलं होतं. शपथ, दहाच. त्या फोननंतर पोर दोन-दोन तास रडायची हो. उशी ओली. सकाळी न खाता शाळेत. मी म्हटलं, फोन जरा चुकला तर बिघडलं कुठे? पण दहाने ती जागीच सापडायची, मग वीस केलं. मग चाळीस. संध्याकाळी ती खाली खेळायला गेली की मी स्टुलावर चढून काटा पुढे करायचा, ती झोपली की मागे. वहिनीचा फोन यायचा तेव्हा आमच्याकडे नऊ वाजून दहा झालेले. ती विचारायची, झोपली का? मी म्हणायचे, झोपली. खरंच झोपलेली असायची! ती म्हणायची, मग नका उठवू, दमली असेल. एकदाही नाही म्हणाली की उठवा. एकदा म्हणाली असती तर – जाऊ दे. मला तिचा इतका राग यायचा, ती इतकी समजूतदार का आहे म्हणून.

आणि पोर? ते विचारू नका. विचारा, विचारा, त्यासाठीच आला आहात. पोर बसायची त्या कोपऱ्यात, फोनच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून. घड्याळ मीच शिकवलं तिला, लहान काटा, मोठा काटा. साडेआठ व्हायचे. फोन वाजायचा नाही. कसा वाजेल, खरं तर तेव्हा आठ वाजायलासुद्धा दहा मिनिटं असायची. पावणेनऊ व्हायचे. मी मशीन चालवत राहायचे, जोरात, उगीचच. नऊ झाले की ती उठायची आणि मला म्हणायची, आत्या, आज पण विसरली. रडायची नाही. आता महिनाभर तर बसतही नाही तिथे. मला वाटलं, चला, विसरली, सुटलो. सुटलो कसले. मी माझ्या हाताने त्या लेकराला शिकवलं की तिची आई तिला विसरली.

माझं लग्न दीड वर्ष टिकलं होतं मॅडम. मूलबाळ नाही. हे सांगायचं नव्हतं, वकीलबाईंच्या यादीतच होतं, स्वतःबद्दल बोलू नका. पण मला कुणी आपलं म्हणून पोटावर पाय टाकणारं मिळालं ते या वयात. मी काय करायला हवं होतं? सांगा ना. नाही, तुम्ही लिहा.

काल रात्री काटा मागे करायचा राहिला. तुमच्यासाठी त्या चादरीला इस्त्री करत बसले होते, डोक्यातूनच गेलं. सकाळी मुंगी उठली, घड्याळ बघून किंचाळलीच, आत्या, आठ वाजत आले, बस गेली! मी म्हटलं, नाही गं, घड्याळ वेडं झालंय. तर ती बूट घालता घालता थांबली. आधी घड्याळाकडे बघितलं, मग त्या स्टुलाकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, आत्या, ते रोज वेडं होतं का? खाली हॉर्न वाजला आणि ती गेली. सकाळपासून एक शिलाई सरळ पडलेली नाही माझी. आणि दिवसभर त्या काट्याला हातही लावला नाही. का लावला नाही, मला नका विचारू.

हॉर्न ऐकलात? तीच. बत्तीस पायऱ्या आहेत, मोजत येते. ते स्टूल सरकवा जरा इकडे. धरून ठेवा, डुगडुगतं. तुमच्या घड्याळात किती वाजले? सांगा की हो, मघापासून मीच बोलतेय. तीन पस्तीस. तीन – पस्तीस. हं. झालं. बघा, आता बरोबर आहे ना?

वकीलबाईंनी शेवटचं एक सांगितलं होतं, काही झालं तरी मुलीला तुमच्याजवळ एकटं सोडायचं नाही. ये गं मुंगे, बूट तिकडे काढ. या मॅडम आहेत, तुझ्याशी बोलायला आल्यात. नाही, मी नाही बसत, मी आत जाते, दार लावून घेते. मॅडम, तुमचे प्रश्न नंतर विचारा. आधी तिला विचारू द्या, सकाळचा एक राहिलाय तिचा. खरं ते सांगा तिला. आणि हेही सांगा की आज साडेआठला फोन वाजेल.