लाल पाटी

नावडे गावातल्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात मी प्रिंटआउटसाठी थांबलो होतो. माझ्यापुढे एक काकी घरचा कॉम्प्युटर परत न्यायला आल्या होत्या.

"काकी, झाला बघा. स्पायवेअर पकडणारा तो प्रोग्रामच खोटा होता. आधी घाबरवायचा, मग पैसे मागायचा. मुळासकट उडवला."

"म्हंजे ती लाल पाटी आता येनार नाय?"

"कुठली?"

"तुमच्यावर कोनीतरी नजर ठेवतंय, ती."

"नाय येणार. टेन्शन खतम."

"तुजं खतम, कुंदन. माजं आता चालू होनार."

"का?"

"तुजा काका रिटायर झाल्यापासून दिवसभर रमी खेलायचा. पाटी आली नि घाबरून कॉम्प्युटरच बंद केला. आता संध्याकाली माज्यासंगती फिरायला येतो. परवा सीवूड्सच्या मॉलमधी नेला. सरकत्या जिन्यावर माजा हात पन धरला."

"मग काय, व्हायरस परत टाकू?"

"येडा हायस का? पैसे मागनारा नको. नुसती पाटी ठेव."

"बरं, तसा वॉलपेपर बनवतो. चालू केला की पहिलं तेच दिसेल."

"लाल कर."

"लालच करतो. पण काकी, काकांना कधीतरी कळेल की हे खोटं आहे."

"मग खोटं नको ठेवू. खाली माजा फोटो टाक."

"थांबा, मोबाइलवर काढतो. इकडे बघा. थोडं हसा ना."

"हसून कोन नजर ठेवतं रे?"