चौथं वळण आणि भाऊजींचा पाय

(क्लबने सरावासाठी बंद ठेवलेला घाटरस्ता. त्याच्या पायथ्याशी धाकट्या बहिणीचं गॅरेज. थोरलीच्या नवऱ्याची गाडी नुकतीच वरून आली आहे.)

भाऊजी: ते काही नाही. तू गाडीच्या कॉम्प्युटरला हात लावलास आणि गाडी होती तशीच राहिली. मेहुणी म्हणून सोडतोय. दुसरं कुणी असतं तर गॅरेज डोक्यावर घेतलं असतं.

मेहुणी: घेतलंयत की. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली आत्ता.

भाऊजी: नवा एअर फिल्टर घातला, मोठा सायलेन्सर घातला...

मेहुणी: आणि दारांवर पट्टे मारले. ते राहिले सांगायचे.

भाऊजी: पट्ट्यांचं काढू नकोस, ते दिसायला आहेत. एवढं सगळं करून वर पोचायला लागणारा वेळ कमी होईना, तेव्हा तूच म्हणालीस, ट्यूनिंग करा. केलं. तरी पालथ्या घड्यावर पाणी!

मेहुणी: मी काय केलं ते तरी आठवतंय का?

भाऊजी: काहीतरी हवा, पेट्रोल वगैरे.

मेहुणी: वगैरे! अहो, नव्या फिल्टरमुळे इंजिन आता जास्त हवा ओढतं. साधं चालवताना कॉम्प्युटर आपलं आपण सावरून घेतो. पण अॅक्सिलरेटर तळाला टेकला की तो अंदाजावर पेट्रोल सोडतो, आणि तो अंदाज कंपनीतून आला तेव्हाचा, जुन्या सामानाचा. मी तो अंदाज बदलला. विमान होणार नाही, हे आधीच बजावलं होतं. जरा ताकद वाढेल आणि चढावर मध्येच दम लागतो तो लागणार नाही, एवढंच म्हणाले होते.

भाऊजी: लागला की!

मेहुणी: आत्ता लागला. सकाळी नव्हता लागला. सकाळी तुम्ही आणि मीच गेलो होतो. वर पोचल्यावर तुम्ही बॉनेटचा मुका घेतलात.

भाऊजी: मुका नाही. थोपटलं.

मेहुणी: मुका. सात सेकंद वाचले म्हणून. आणि आत्ता ताई शेजारी, मी मागे, तर सातच्या सात सेकंद परत गेले.

भाऊजी: मग वजन वाढलं ना! तुम्ही दोघी...

मेहुणी: पुढचं वाक्य जपून. ताई आलीये. आणि सकाळी मी मागच्या सीटवर जुन्या बॅटऱ्या ठेवल्या होत्या, एका माणसाच्या वजनाच्या. तुम्ही वजनावर घसरणार हे मला ठाऊक होतं.

ताई: कुणाच्या वजनाचं चाललंय?

भाऊजी: गाडीच्या. गाडीच्या गं.

ताई: शोधू नका काही. गाडीत दोष नाही. हिच्या कामात तर नाहीच. शेजारी बसून पुढचं वळण आधी सांगायचं काम माझं, आणि मी ते उशिरा सांगते.

भाऊजी: हे कुठून काढलंस?

ताई: दोन वर्षं तेच चाललंय. चौथ्या वळणावर तो अपघात झाल्यापासून. खांदा बरा झाला, पण तोंडातून शब्द वेळेवर निघत नाही. म्हणून रविवारच्या स्पर्धेला शेजारी बसायला मी क्लबमधल्या त्या चष्मेवाल्याला सांगितलंय.

भाऊजी: त्या चष्मेवाल्याला? मला न विचारता?

ताई: विचारलं असतं तर नको म्हणाला असतास.

भाऊजी: म्हणणारच! लग्न झाल्यापासून तुझ्याशिवाय कधी स्पर्धेत उतरलोय का मी? तो माणूस लिफ्टमध्ये डोळे मिटून घेतो, तो घाटात काय सांगणार मला!

ताई: माझ्यापायी तू दोनदा शेवटून दुसरा आलास. मला नाही बघवत. गाडीवर किती जीव आहे तुझा, ते मला दिसतं. ठरलंय माझं. तू चांगली चालवतोस आणि मी तुला मागे ओढते. बस.

मेहुणी: झालं? मग आता मी बोलते. ताई, आत्ता मी मागे बसले होते, डोळे गाडीला जोडलेल्या लॅपटॉपवर आणि कान तुझ्याकडे. चौथ्या वळणाचं 'डावं, अरुंद' तू नेहमी त्या फुटक्या कठड्यापाशीच म्हणायचीस. आत्ताही तिथेच म्हणालीस. एक श्वासभरसुद्धा उशीर नाही.

ताई: माझं मन राखू नकोस.

मेहुणी: मी गिऱ्हाइकाचं राखत नाही, तुझं कुठून राखू? हे बघ. भाऊजी, तुम्हीही बघा. ही रेघ म्हणजे तुमचा पाय. सकाळी पार वर टेकलीये, म्हणजे पॅडल पूर्ण दाबलेलं. आणि ही आत्ताची.

भाऊजी: ही निम्म्यावरच दिसतेय.

मेहुणी: अख्ख्या चढात निम्म्यावर. आणि चौथ्या वळणाला ताईने तोंड उघडायच्या आधीच खाली आलीये. माझं काम पॅडल तळाला टेकल्यावर जागं होतं, भाऊजी. तुम्ही त्याला हाकच मारत नाही.

भाऊजी: यंत्र चुकत असेल.

मेहुणी: सकाळी नाही चुकलं ते?

भाऊजी: सकाळी शेजारी तू होतीस.

मेहुणी: वा! म्हणजे माझा जीव स्वस्त!

भाऊजी: तसं नाही गं. तू असलीस की मी गाडी चालवतो. ही असली की मला तो आवाज येतो.

ताई: कसला आवाज?

भाऊजी: त्या दिवशी तू ओरडली नव्हतीस. नुसता श्वास आत ओढलास. दरी तुझ्या बाजूला होती. गाडी आदळली ते मला आठवत नाही, पण तो श्वास आठवतो. दर खेपेला, तिथे पोचायच्या आधीच.

ताई: कधी बोलला नाहीस.

भाऊजी: मलाच कुठे कळलं होतं! मला वाटायचं, मी दाबतोय. शपथ. पूर्ण जोर लावतोय आणि गाडीच ओढत नाही. म्हणून तर फिल्टर घातला. मग सायलेन्सर. मग हिच्याकडून ट्यूनिंग करून घेतलं.

मेहुणी: आणि पट्टे.

ताई: तू गप गं. आणि मी? मी दोन वर्षं वळणं घोकतेय. कुकर लावताना, अंगणात कपडे वाळत घालताना. वर्गात फळ्याकडे तोंड करून गणित मांडते, तेव्हाही तोंडात 'उजवं, लांब' चालू असतं. पोरं हसतात मला. मला वाटलं, आपली जीभच गेली कामातून.

भाऊजी: चुकलं माझं.

ताई: राग आलाय मला.

भाऊजी: येऊ दे.

ताई: आणि बरंही वाटतंय. दोन्ही एकदमच वाटतंय, त्याला मी काय करू?

मेहुणी: मी एक करू शकते. पॅडल निम्मं दाबलं तरी कॉम्प्युटरने ते पूर्ण धरायचं, असं बसवता येतं. चुटकीसरशी होईल. भाऊजींचा पाय कुठेही असो, गाडी पळेल.

भाऊजी: मग बसव की! आत्ताच बसव!

ताई: नको.

भाऊजी: अगं, सात सेकंद!

ताई: नको म्हणते ना. तुझ्या पायाला जे कळलं ते दोन वर्षांत तुझ्या तोंडून निघालं नाही. आता त्या पायालाही खोटं बोलायला लावायचं? हिने केलंय ते ट्यूनिंग चांगलं आहे. सकाळी दिसलं ना? ते कुठे पळून जात नाही. तुझा पाय येईल तिथवर हळूहळू.

भाऊजी: आणि रविवारपर्यंत नाही आला तर?

ताई: तर शेवटून दुसरे येऊ. पण दोघं येऊ. त्या चष्मेवाल्याला फोन कर आणि सांग, सीट रिकामी नाही.

भाऊजी: मी करू? बोलावलंस तू!

ताई: मग राहू दे, मीच करते. तू गाडी काढ. परत जाऊ वर.

मेहुणी: मी येऊ का मागे?

ताई: तू थांब. चहा टाक. भाऊजी, आणि हे बघ...

मेहुणी: भाऊजी? तो तुझा नवरा आहे, ताई!

ताई: तुझं ऐकून ऐकून तोंडात बसलंय. अरे, ऐक. या खेपेला वळणं मी सांगणार नाही. तुला ती पाठ आहेत.

भाऊजी: मग तू काय करणार?

ताई: ऐकणार. तू सांग. जिथे भीती वाटेल तिथे नुसतं 'इथे' म्हण.

भाऊजी: आणि सगळीकडेच वाटली तर?

ताई: तर सगळीकडे म्हण. मी शेजारीच आहे.