उंदीर मारून सरदार

न्हाई न्हाई इनुस, तीनशे वीस पराक्रम भरलं म्हनून सरदार होता येत न्हाई — व्हय, मागल्या रविवारी मीच म्हनलो व्हतो तीनशे वीस, मी कुठं नाकारतोय? आता सहाशे चाळीस. खेळ माझा हाय. फासं मी कोरलं, गनीम मी काढलं, पाईक, नाईक, हवालदार, जुमलेदार आन् वर सरदार, ह्या पायऱ्याबी मीच घातल्या. दर पायरीला पराक्रम दुप्पट — आन् फुडं का वाढवलं म्हंजी? तू मिळवलंस कशानं ते सांग की! कोठारातलं उंदीर मारून. एका उंदराला एक पराक्रम, चार महिनं फासं टाकून नुसतं उंदीर! किल्ल्यावरच्या गनिमाच्या वाटंला गेलास कवा? उंदीर मारून नाईक व्हावं मानसानं, सरदार न्हाई. — मी? मी पयल्या दिसापास्नं सरदार हाय. नियम करनाऱ्यानं काय तळाला बसायचं?

हसू नगंस. वरची पायरी अवघडच पायजे, न्हाईतर तिला किंमत काय? आता लोकोशेडात बघ — मी अठरा वर्सं फायरमन, कोळसा टाकून टाकून खांदा गेला, डायवरच्या यादीत पयलं नाव. चौऱ्याहत्तरला संपात उतरलो, आन् साह्यबानं एक कागद काढला — ह्याची मागची नोकरी धरायची न्हाई. अठरा वर्सं, इनुस! काल भरती झालेल्याच्या खाली नाव गेलं. दोन वर्सं झाली, माझ्याच हाताखाली शिकलेलं गडी इंजिन घेऊन मनमाडला जात्यात, आन् मी आपला फावडं मारतोय. घरी जाऊन बाईमानसावानी रडलो त्या दिशी, कुनाला बोलू नगंस. — काय म्हनलास? साह्यबानं केलं त्येच मी करतोय? वा रं! त्यो नियम येगळा, ह्यो येगळा. तिथं मानसाची सगळी उमर गेलेली असती, हितं — हितं काय, चार महिनं.

ए, उठलास का? बस की. म्हाळू असाच गेला, मेहमूद असाच गेला, सरदारकी जवळ आली की त्यांचंबी त्वांड फुगायचं. तू गेल्यावर रविवारी मी कुनासंगं खेळू रं? बरं ऐक, पाचशे. चारशे! जाऊ दे, तीनशे वीसच — झालास सरदार, मी लिवतो, ह्ये बघ लिवलं. फासं कशापायी खाली ठिवतोस? अरं, सरदार म्हनतोय न्हवं तुला —

जा मंग. दार वढून घे.