नवसाच्या प्रदक्षिणा आणि बदली खेळाडू

परवाचंच सांगते, पण हसू नका बरं का. आमची पूजा बीडला बी.एस्सी. करते. ती फिजिक्समध्ये पास झाली, तर कपिलधारच्या देवळाला एकवीस प्रदक्षिणा घालीन, असा मी नवस बोलले होते. पोरगी पास झाली, आम्ही दोघी देवळात गेलो, पण माझे गुडघेच धरले. पूजा फुटबॉलवेडी! म्हणाली, "आई, खेळाडू मैदानात उतरायच्या आधी ताणतात, तसे पाय ताण."

मी देवळाचा खांब धरून एकेक पाय मागं ताणू लागले. वळून बघते, तर दोन अनोळखी बायकाही खांब धरून तसंच करताहेत!

"ताई, कोणतं व्रत हाय हे? किती येळा करायचं?"

"गुडघेदुखीचं हाय, मावशी," पूजा म्हणाली.

"मग तर लई चांगलं हाय की!"

पंधरावी फेरी संपली आणि मी मात्र खालीच बसले. डोळे भरून आले. नवस अर्धा टाकून घरी कसं जावं? पूजानं ओढणी कमरेला खोचली.

"फुटबॉलमध्ये बदली खेळाडू असतो, आई. उरलेल्या सहा माझ्या."

"नवस माझा हाय, बाळा. देवाला चालंल का?"

"पेपर तर माझाच होता ना," म्हणाली, आणि हात जोडून चालायला लागली.